एकच पडदा

सुवार्ता बोर्डे हिला आपल्या यंत्राचा अभिमान होता आणि तो असायला तसं कारणही होतं.

शिकत असताना पुण्यातल्या एका बालरुग्णालयात तिनं सात वर्षांची एक मुलगी पाहिली होती. कुणाच्या तरी फोनवर चुकून एक भयानक चित्रफीत पाहिल्यापासून ती मुलगी झोपायलाच तयार नव्हती. डोळे मिटले की किंचाळायची. तिची आई खाटेशी बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, "आधी कळलं असतं तर दाखवलंच नसतं हो." ते 'आधी कळलं असतं तर' सुवार्ताच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढची कित्येक वर्षं खपून तिनं त्याचंच यंत्र केलं. त्याचं नाव मनबिंब.

मनबिंबामागची कल्पना समजायला अवघड नाही. मूल पडद्यासमोर बसतं तेव्हा त्याचं शरीर गप्प नसतं. भीती वाटली की डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, नाडी धावते, तळहात ओलसर होतात. गंमत वाटली की श्वासाची लय बदलते. शाळेत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या मनगटावर आता आरोग्यपट्टी असते आणि पडद्यावर कॅमेरा असतो. काही आठवडे या नोंदी साठल्या की त्या मुलाचं एक गणिती प्रतिरूप तयार होतं. त्याच्या मनाची सावलीच म्हणा. मग कोणतीही नवी मालिका मुलाच्या आधी या सावलीला दाखवायची. ती कुठे दचकेल, कुठे रमेल, मुलाची झोप मोडेल का आणि मोडली तर किती दिवस, हे यंत्र सांगतं. हिरवा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नको.

इथवर सगळं सरळ होतं. पुढे यंत्रांना हुबेहूब चित्रं काढता येऊ लागली, तेव्हा दृश्य-योग्यता मंडळानं आणखी एक पाऊल टाकलं. मुलांनी काय पाहावं हे ठरवणारं हे मंडळ. सावली जिथे लाल होईल तेवढंच दृश्य यंत्रानं बदलायचं, असं त्यांनी ठरवलं. त्याच आवाजात नवा संवाद, त्याच रंगांत नवं चित्र. याला मृदुपाठ म्हणत. एकाच मालिकेतला लांडगा एका मुलाला लांडगा दिसे, दुसऱ्याला कुत्रा. 'सात वर्षांवरील मुलांसाठी' वगैरे जुने शिक्के निकालात निघाले. पालक खूश होते. झोप उडालेली मुलं घेऊन दवाखान्यात येणाऱ्या आयांची गर्दी खरोखरच ओसरली होती. सुवार्ता तो आलेख आपल्या खोलीच्या भिंतीवर लावून ठेवायची.

अशात जपानहून 'धुक्यातली दिवेकरीण' ही मालिका आली आणि मराठी आवाजांत घरोघर पोचली. गोष्ट अशी, की एका डोंगरावरच्या देवळात जगातल्या प्रत्येक जिवाचा एकेक दिवा तेवत असतो. बारा वर्षांची नात्सुमी हे दिवे सांभाळते. तिच्या मदतीला असतो गोरो नावाचा शिंगं असलेला राक्षस. तिचा धाकटा भाऊ इत्सुकी आजारी पडतो आणि शेवटच्या, नवव्या भागात त्याचा दिवा तिला स्वतःच्या हातानं मालवावा लागतो.

मंडळाचे अध्यक्ष वैशंपायन यांनी सुवार्ताला बोलावून घेतलं.

"मॅडम, देवळं, मशिदी, चर्च, सगळीकडून पत्रं आलीत. एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसं या राक्षसानं एकत्र आणली. राक्षस मित्र कसा? दिव्याला नमस्कार का? आत्मे कुठे जातात हे मुलांना शिकवणारी ही मालिका कोण? धार्मिक घरांतल्या मुलांसाठी वेगळं मोजमाप लागेल."

"श्रद्धा कशी मोजणार, सर?"

"श्रद्धा नका मोजू. ती ढळते का तेवढं मोजा."

सुवार्तानं ते केलं. मालिका पाहिल्यावर मूल घरातल्या पूजेबद्दल, नमाजाबद्दल, प्रार्थनेबद्दल किती प्रश्न विचारेल, किती अडखळेल, याचा अंदाज काढणारा एक काटा तिनं मनबिंबाला जोडला. आता त्याची प्रत्यक्ष चाचणी तेवढी बाकी होती.

*

त्याच आठवड्यात शारोन शाळेतून रडत घरी आली. शारोन सुवार्ताची मुलगी, सहावीत. दोन वर्षांपूर्वी तिचे बाबा, निनाद, यकृताच्या आजारानं गेले. तेव्हापासून घरात दोघीच होत्या, आणि शारोन सहसा रडत नसे.

"सबा म्हणते मी खोटारडी आहे."

सबा तिची जिवलग मैत्रीण. "काय झालं?"

"दिवेकरणीवरनं. ती म्हणते इत्सुकी मरतो. मी म्हटलं, मरत नाही, तो नावेत बसून लांबच्या बेटावर जातो आणि नात्सुमीला शिंपले पाठवतो. मी पाहिलंय, आई! मग वर्गातली सगळी म्हणायला लागली की मरतो. माझ्यासारखं कुणीच पाहिलं नव्हतं. मला कुक्कुलं बाळ म्हणाले."

सुवार्तानं नजर चुकवली. तेवढं शारोनला पुरलं. ती हुशार होती.

"माझी गोष्ट बदललीय."

"अगं, ते यंत्र…"

"तुझं यंत्र." शारोननं डोळे पुसले. "खरी कुठली?"

"तशा दोन्हीही…"

"दोन्ही कशा खऱ्या असतील? आणि माझीच का बदलली?"

का, ते सुवार्ताला ठाऊक नव्हतं. यंत्र कुणाचं काय बदलतं हे ती एकेक करून बघत नसे. शारोन खेळायला गेल्यावर तिनं पहिल्यांदाच आपल्या मुलीचं मनबिंब उघडलं. आठव्या भागापर्यंत हिरवं, एखाददुसऱ्या ठिकाणी पिवळं. नवव्या भागात लालभडक. नात्सुमी दिव्याजवळ वाकते तिथे सावलीची नाडी इतकी वाढली होती की यंत्रानं खाली इशारा दिला होता: दीर्घकाळ निद्रानाश, शोक पुन्हा उफाळण्याची दाट शक्यता.

यंत्रानं तिच्या मुलीला जपलं होतं. आई म्हणून तिनंही तेच केलं असतं. मग शारोनच्या 'माझीच का'चं हे उत्तर तिला तोंडावर सांगायची आपल्याला लाज का वाटतेय, हे तिला कळेना.

*

चाचणीसाठी तिला धार्मिक वळणाची मुलं एकत्र हवी होती. तिनं जालन्याला अप्पांना फोन लावला.

अप्पा म्हणजे तिचे वडील, रेव्हरंड यशवंत बोर्डे. पाळक म्हणून निवृत्त झाले तरी चर्चमधली रविवारची मुलांची शाळा त्यांनी सोडली नव्हती. सगळं गाव त्यांना पाळकसाहेब म्हणे. मुलीच्या कामाबद्दल ते फारसं बोलत नसत. विचारलं तर "चांगलं आहे" एवढंच म्हणत.

सुवार्तानं सगळं समजावून सांगितलं. मुलांच्या पट्ट्या, त्यांची बिंबं, प्रत्येकासमोर छोटा पडदा, प्रत्येकाला त्याचा त्याचा मृदुपाठ.

"आधी मला मूळ मालिका दाखव," अप्पा म्हणाले.

"अप्पा, नऊ भाग आहेत."

"मग काय झालं? मला कुठे कचेरीत जायचंय?"

आठवडाभरानं त्यांचाच फोन आला. "पाहिली. ये तू, पोरीला घेऊन ये. पण एक सांगतो. पडदा एकच लावायचा. जे आहे ते सगळ्यांनी एकत्र बसून पाहायचं."

"तसं केलं तर प्रयोगच होणार नाही. प्रत्येक मूल वेगळं असतं, अप्पा."

"असतंच. म्हणून काय मी पंचवीस पोरांना पंचवीस गोष्टी सांगतो?"

"त्यातली काही घाबरतील. शारोनला तर नववा भाग…" ती थांबली.

"कोण घाबरतंय ते तुझं यंत्र सांगेलच की," अप्पा शांतपणे म्हणाले. "मला त्याची मदतच होईल. ये."

यंत्राचे अंदाज खरे ठरतात हे अप्पांना डोळ्यांनी दिसेल, या विचारानं सुवार्ता तयार झाली. मुलांच्या आईवडिलांच्या संमत्या आल्या, आणि एका शनिवारी सकाळी मायलेकी जालन्यात पोचल्या.

*

चर्चच्या शेजारच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या होत्या. मुलं दाटीवाटीनं बसली. सुवार्ता मागच्या भिंतीशी टॅबलेट घेऊन बसली. त्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन रेषा सरकत होत्या. एक सावलीचा अंदाज, दुसरी पट्टीवरून येणारी खरी नोंद.

पहिल्याच भागात विहिरीतून एक पांढरा हात वर येतो. यंत्रानं दोन नावांपुढे लाल खूण केली होती. हात वर आला मात्र, तीच दोन चिमुरडी उठून मार्थाबाईंच्या पदरात शिरली. मार्थाबाई चर्चची झाडलोट आणि स्वयंपाक बघणाऱ्या. वयानं पाठीला पोक आलेलं. त्यांनी दोघांना उचलून बाहेर नेलं. अप्पांनी मागे वळून सुवार्ताकडे पाहिलं आणि मान डोलावली. 'बरोबर निघालं' अशा अर्थानं. सुवार्ताला मनातून बरं वाटलं.

गोरो राक्षस आला तेव्हा कुणीच घाबरलं नाही. उलट त्याची शिंगं सगळ्यांना आवडली.

चौथ्या भागात तामो नावाचा कुबडा नोकर येतो. तो सारखा पडतो. त्याच्या अंगावर रस्सा सांडतो, त्याच्या चालण्याची सगळे नक्कल करतात, नात्सुमीसुद्धा. सभागृहात हसू उसळलं. एक हसला म्हणून दुसरा, दुसरा हसला म्हणून चौघं. टॅबलेटवर सगळी नावं हिरवीगार झाली. साऱ्या मालिकेत इतका हिरवा भाग दुसरा नव्हता. सुवार्तानं समाधानानं तशी नोंद केली.

दुपारी जेवणाला खिचडी होती. मार्थाबाई पातेलं घेऊन पंगतीतून वाकून चालत होत्या आणि त्यांच्या मागे चार-पाच मुलं गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ वाकवून, तामोसारखी झोकांड्या खात चालली होती. बाकीची पोट धरून हसत होती. रांगेतली तिसरी शारोन होती.

मार्थाबाईंनी वळून पाहिलं. त्यांना कळायचं ते कळलं. "पापड राहिले वाढायचे," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

सुवार्ता ताडकन उठली, पण अप्पांनी तिच्या हातावर हात ठेवला. "थांब जरा."

"पण अप्पा…"

"तुझ्या यंत्रावर काय दिसतंय?"

तिनं पाहिलं. हिरवं.

दुपारचे भाग सुरू व्हायची वेळ झाली तरी शारोनचा पत्ता नव्हता. सुवार्ता शोधत मागच्या नळाशी गेली. शारोन मार्थाबाईंच्या शेजारी उकिडवी बसून खिचडीचं पातेलं घासत होती. हात कोपरापर्यंत राखेनं भरलेले.

"हिला म्हटलं राहू दे," मार्थाबाई म्हणाल्या, "पण ऐकत नाही. येऊन आपणहून माफी मागितली. मी म्हटलं, अगं, एवढं काय त्यात."

"एवढं आहे, आजी," शारोन मान वर न करता म्हणाली. मग आईकडे बघून म्हणाली, "मला चालतानाच कळत होतं की हे वाईट आहे. पण सगळे हसत होते ना, म्हणून सोपं झालं. एकटी असते तर नसतं केलं मी."

शारोनच्या पहिल्या नंबरानं, तिच्या चित्राला मिळालेल्या बक्षिसानं सुवार्ताला आनंद झाला होता. पण आजच्यासारखा ऊर कधी भरून आला नव्हता. पदर खोचून तिनं दुसरं पातेलं ओढलं. घासता घासता शारोनचं शेवटचं वाक्य मात्र तिच्या डोक्यात घोळत राहिलं. एकटी असते तर.

*

रविवारी उपासना संपल्यावर मुलं पुन्हा जमली. फक्त नववा भाग उरला होता. सुवार्तानं शारोनला बाजूला घेतलं.

"तू मार्थाआजींबरोबर बाहेर बस. हा भाग तुला त्रास देईल."

"तुला कसं माहीत?"

"यंत्र सांगतंय."

"त्याला बाबा माहीत होते का?" शारोननं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "आई, सगळ्यांनी पाहिलंय. मला पण बसायचंय."

सुवार्तानं अप्पांकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी म्हणावं असं तिला वाटत होतं.

"मी आजोबा आहे," अप्पा म्हणाले. "आई तू आहेस. तू ठरव."

टॅबलेटवर शारोनच्या नावापुढे अंदाजाची रेषा लाल होऊन उभी होती. बारा-तेरा वर्षं सुवार्ता त्या रंगावर विश्वास टाकत आली होती. तिनं टॅबलेट पालथा घातला, मुलांमधून वाट काढत पुढे गेली आणि शारोनच्या शेजारी सतरंजीवर बसली. "बस," ती म्हणाली.

पडद्यावर देवळात सगळे दिवे तेवत होते. इत्सुकीचा दिवा फडफडत होता. नात्सुमीनं ओंजळीनं त्याच्याभोवती आडोसा केला. तो तसाच धरून ती कितीतरी वेळ बसून राहिली. मग इत्सुकी म्हणाला, "ताई, हात भाजतील तुझे." आणि तिनं दिवा मालवला.

शारोनचे खांदे हलू लागले. सुवार्तानं तिला जवळ घेतलं. पलीकडून एका मुलीनं, जिचं नावही शारोनला धड माहीत नव्हतं, तिचा हात हातात घेतला. मागून कुणीतरी नाक ओढलं. चार-सहा मुलं रडत होती आणि कुणी कुणाला हसत नव्हतं. शारोन शेवटपर्यंत रडली आणि शेवटपर्यंत तिनं पाहिलं.

नंतर प्रश्न सुटले ते अप्पांना आवरेनात. आपला दिवा कुठे असतो? येशू गोरोला स्वर्गात घेईल का? ती लोकं दिव्याला नमस्कार करतात ते पाप आहे का? अप्पा खुर्ची ओढून बसले आणि एकेकाला उत्तर देऊ लागले. ते त्यांच्या देशातलं आहे, आपण असं करत नाही, का करत नाही ते ऐका. गोरोच्या प्रश्नावर ते बराच विचार करून म्हणाले, "मला माहीत नाही रे बाबांनो. पण विचारायला हवं, एवढं मात्र खरं."

मागे पालथ्या टॅबलेटवर श्रद्धेचा काटा लालात गेला होता. इतके प्रश्न म्हणजे यंत्राच्या मते मुलं पार ढळली होती. सुवार्तानं तो अप्पांना दाखवला तेव्हा ते मोठ्यानं हसले. "अगं, इतक्या वर्षांत या पोरांनी मला एका दिवसात एवढं कधी विचारलं नव्हतं!"

परत निघायच्या आधी शारोन चर्चच्या पायरीवर आईच्या शेजारी येऊन बसली. "आई, बाबा शेवटी काय म्हणाले?"

दोन वर्षांत तिनं हे कधीच विचारलं नव्हतं. सुवार्तानं सांगितलं. बाबांना खूप दुखत होतं. त्यांनी शारोनला आणू नका म्हणून सांगितलं, आणि मग थोड्या वेळानं विचारलं, ती आली का. सगळं सांगून होईपर्यंत दोघींचे चेहरे ओले झाले होते.

"बरं झालं सांगितलंस," शारोन म्हणाली. मग चेहरा पुसत ती म्हणाली, "मला भूक लागलीय."

*

पुण्याला परतल्यावर सुवार्ता रोज सकाळी उठल्या उठल्या शारोनच्या झोपेची नोंद पाही. झोप शांत होती. पहिले दोन दिवस थोडी चाळवलेली, मग अगदी सुरळीत. यंत्राचा अंदाज साफ चुकला होता. तिचा एकटीचाच नव्हे, नवव्या भागात रडलेल्या जवळजवळ सगळ्याच मुलांचा. मग विहिरीतल्या हाताचा अंदाज बरोबर कसा आला? आणि चौथ्या भागात यंत्राला काहीच कसं दिसलं नाही?

तिनं सगळ्या नोंदी पुन्हा उकरल्या, आणि उत्तर इतकं साधं होतं की ती खुर्चीत मागे रेलून स्वतःशीच हसली. मनबिंब ज्या नोंदींवर शिकलं होतं त्या साऱ्या नोंदी एकेकट्या मुलांच्या होत्या. आपापल्या पडद्यासमोर, आपापल्या खोलीत. सावली कायम एकटीच बघत होती. सोबत असली की माणसाचं शरीर काय करतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. जालन्याच्या नोंदींत ते स्पष्ट दिसत होतं. अगदी लहानांची भीती सोबतीनं जात नाही, त्यांचा अंदाज म्हणूनच बरोबर आला. पण जरा मोठ्या मुलांचं दुःख शेजारी कुणी असलं की चढतं आणि ओसरतंही. शेजारी बसलेल्यांच्या नाड्या हळूहळू एका लयीत येतात. आणि तीच सोबत चौथ्या भागात उलटी फिरते. घोळक्यात क्रूर हसणं सोपं होतं, आणि यंत्र त्या हसण्याला आनंद समजतं.

*

मंडळाच्या सुनावणीला सभागृह भरलं होतं. सुवार्तानं अप्पांना साक्षीसाठी बोलावलं होतं. शारोन त्यांच्या शेजारी बसली होती.

सुवार्तानं आपले आलेख मांडले आणि शेवटी म्हणाली, "माझी शिफारस अशी की मृदुपाठ बंद करावेत. गोष्ट सगळ्यांना एकच दाखवावी. आठ वर्षांखालच्यांना ही मालिका नको. त्यांच्या बाबतीत यंत्राचं म्हणणं खरं आहे. मोठ्यांनी ती कुणाच्या तरी सोबतीनं पाहावी. आणि चौथ्या भागाआधी पालकांना आणि शिक्षकांना स्पष्ट इशारा द्यावा."

वैशंपायनांनी चष्मा काढला. "मॅडम, हे तुमचंच यंत्र आहे ना?"

"हो. म्हणूनच मला सांगता येतंय. त्याला दिसतं ते मी तुम्हाला अनेकदा दाखवलंय. आज त्याला काय दिसत नाही ते दाखवतेय."

एक सदस्या म्हणाल्या, "आणि पालकांना वेळ नसेल तर? सगळ्यांच्या घरी आजोबा नसतात, डॉक्टर."

"नसतात," सुवार्तानं मान्य केलं. "माझ्याही घरी नाहीत. म्हणून शाळांनी, वाचनालयांनी, वस्तीतल्या मंडळांनी हे खेळ लावावेत. ते यंत्रापेक्षा कष्टाचं आहे. पण गणित तेच सांगतंय."

मग अप्पांना विचारलं गेलं, की धार्मिक मुलांसाठी ही मालिका योग्य आहे की नाही. ते काठी टेकत उभे राहिले.

"राक्षसाला शिंगं आहेत म्हणून मी हरकत घेणार नाही," ते म्हणाले. "दिव्याला नमस्कार आहे. आमच्यात तो नाही, आणि आमच्या मुलांना का नाही ते आता नीट माहीत आहे, कारण त्यांनी मला विचारलं. ज्याला आपलं घर ठाऊक आहे त्याला दुसऱ्याच्या अंगणाची भीती नसते. पण चौथा भाग. अधू माणसाला हसायचं, आणि गोष्टीत कुणालाच त्याचं वाईट वाटत नाही. साहेब, सगळ्या मालिकेत देवाच्या विरुद्ध जर काही असेल तर ते तेवढंच आहे. आणि तिथे यंत्र हिरवं होतं."

पहिल्या रांगेत बसलेल्या मौलवींनी आणि त्यांच्या पलीकडच्या कीर्तनकारांनी एकाच वेळी होकारार्थी मान डोलावली.

ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला. दोन सदस्य रागावून निघून गेले. मृदुपाठ थांबले. ज्या आलेखाचा सुवार्ताला एवढा अभिमान होता, त्याच्या शेजारी आता आणखी एक लागणार होता आणि तो काढायला नव्यानं सुरुवात करावी लागणार होती.

"नवं यंत्र कोण करणार?" वैशंपायनांनी विचारलं.

"मीच," सुवार्ता म्हणाली. "वर्ष जाईल. आणि या वेळी मला मुलं लागतील ती घोळक्यानं."

तिघं बाहेर आली तेव्हा फाटकाशी पहारेकरी उभा होता. अप्पा त्याच्याजवळ जाऊन थांबले. "आत आत्ता बोलत होत्या ना बाई, पिवळ्या साडीतल्या? ती माझी मुलगी."

पहारेकऱ्यानं नमस्कार केला. पुढे चहाच्या टपरीवर अप्पांनी टपरीवाल्याला तेच सांगितलं. मग चहा पीत असलेल्या एका अनोळखी माणसालाही.

"आजोबा," शारोननं त्यांची बाही ओढली, "त्यांनी विचारलंच नाहीये."

"नसेल विचारलं," अप्पा म्हणाले. "म्हणून काय सांगायचं नाही?"

सुवार्ता हातातला चहा सांभाळत दुसरीकडे बघू लागली. तिकडे एक बाई रिक्षातून उतरून सुटे पैसे शोधत होती, आणि अप्पा काठी टेकत तिच्याच दिशेनं निघाले होते.